चाळशी लागली: हात आखूड पडायला लागल्यावर काय करायचं?

पाऊणदृष्टी
वयाची ती चाळिशी आणि नाकावर बसते ती चाळशी. आपल्या भाषेने वयाचा आकडा इतक्या उघडपणे चष्म्याला चिकटवून ठेवलाय, तरी माणूस पहिली दोन वर्षं दोष दुसऱ्यांवरच ढकलतो. क्रमही ठरलेला असतो. आधी पेपरवाल्यांनी टाइप बारीक केलेला असतो. मग घरातला बल्ब मंद होतो. मग औषधवाले गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मुद्दाम चंदेरीवर चंदेरी छापायला लागतात. मोबाइल हळूहळू लांब जातो आणि एक दिवस हातच संपतो.

देवनागरीत आधी अनुस्वार जातो, मग रफार, मग घ-ध आणि भ-म यांची खिचडी. ‘वांगी भरून ठेवा’चं ‘वांगी मरून ठेवा’ झालं की समजावं, वेळ आली.

‘मलापण, मलापण’ खूप होतं, म्हणून या धाग्यावर मोजमापाची माहिती हवी आहे. दुकानात मिळणारा तयार चष्मा चालतो का? नंबर कसा ठरतो? प्रोग्रेसिव्हला (एकाच काचेत लांबचं ते जवळचं सगळं) एवढे पैसे घालावेत का? आणि व्यायामाने चष्मा सुटतो असं जे फिरतं, त्यात किती तथ्य?

गोलभिंग
चष्म्याच्या दुकानदाराच्या बाजूने लिहितो. सगळ्यात मोठा गैरसमज आधी: चाळशीचा नंबर वयावर ठरतो असं लोक धरून चालतात. वय अर्धीच गोष्ट सांगतं. उरलेली अर्धी म्हणजे तुम्ही कागद किती लांब धरता.

हिशोब सोपा आहे. १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागा. पुस्तक ४० सेंमीवर असेल तर १०० भागिले ४० म्हणजे २.५ डायऑप्टर. इतकी ताकद जवळचं दिसायला लागते. ती डोळ्यातलं भिंग फुगून देतं. लहान मुलाकडे १२-१४ डायऑप्टर असते, म्हणून पोरं वही नाकाला लावून लिहितात आणि त्यांना काही होत नाही. चाळिशीला साधारण साडेचार-पाच उरते, पंचेचाळिशीला साडेतीन, पन्नाशीला दोन, साठीला एक.

आता गंमत बघा. असेल तेवढी सगळी ताकद लावून कोणी तासभर वाचू शकत नाही. आरामात वापरता येते ती निम्मीच. पाचची निम्मी अडीच, आणि पुस्तकाला लागते तीही अडीच. म्हणजे चाळिशीला जमाखर्च बरोबर शून्यावर येतो. त्यानंतर दरवर्षी तूट. पन्नाशीला २ ची निम्मी १, लागते २.५, तूट १.५. हीच तुमची ‘ॲड’.

साठीनंतर तूट फारशी वाढत नाही, कारण आणखी आटायला काही उरतच नाही. बहुतेकांची ॲड +२.५० च्या आसपास थांबते.

रात्रपाळी
म्हणजे पन्नाशीच्या माणसाला पुस्तकाला +१.५०, पण लॅपटॉपला तोच चालणार नाही?

गोलभिंग
नाही चालत, आणि इथेच लोक फसतात. लॅपटॉप ६५ सेंमीवर धरा. १०० भागिले ६५ म्हणजे दीड. त्यातून स्वतःचा १ वजा केला की अर्धा उरतो. +०.५० पुरे.

आता उलट चूक. ‘जरा जास्तीचा द्या, पुढे कामाला येईल’ म्हणून साठीचा माणूस +२.५० घेऊन जातो. त्याच्याकडे स्वतःचा १ आहे. म्हणजे त्याला स्पष्ट दिसणार ते साधारण २८ ते ४० सेंमीमध्येच. त्याच्या पलीकडे धूसर. समोरच्या ताटातली आमटी दिसते, वाढणारीचा चेहरा दिसत नाही. +१.५० दिला असता तर ४० पासून ६६ पर्यंतची पट्टी मिळाली असती, पण मग पुस्तक थोडं लांब धरायला लागलं असतं. नंबर वाढला की अक्षर मोठं वाटतं म्हणून बरं वाटतं, पण वावरायची जागा आक्रसते. चप्पल एक नंबर मोठी घेऊन ‘वाढत्या पायाला होईल’ म्हणायचे तसलाच प्रकार.

तपासायला जाताना शिंप्याची टेप घ्या. घरी नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या पद्धतीने बसा आणि नाकाच्या शेंड्यापासून मोजा: मोबाइल किती, पुस्तक किती, स्क्रीन किती, शिवणयंत्राची सुई किती. चार आकडे कागदावर लिहून न्या. तपासणाऱ्याला हे आकडे सांगितले नाहीत तर तो ४० सेंमी धरून मोकळा होतो.

श्रावणसोमवार
टेपचा मुद्दा पोथी वाचणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. पोथी हातात नसते, समोर पाटावर किंवा लाकडी व्यासपीठावर असते, आणि वाचणारा मांडी घालून ताठ. अंतर ५५ ते ६५ भरतं. पेपरचा चष्मा घातला की माणूस अध्यायभर पुढे वाकून बसतो आणि पारायण संपल्यावर डोळ्यांपेक्षा कंबर बोलते. पोथीसाठी वेगळा, कमी नंबरचा चष्मा करून पोथीच्या रुमालातच बांधून ठेवावा. हार्मोनियमवर नोटेशन ठेवून वाजवणाऱ्यांचंही हेच, त्यांचं अंतर ७० पर्यंत जातं.

टाकाटिपका
शिवण-टिपणवाल्यांसाठी. सुई ओवताना अंतर २५ ते ३० सेंमीवर येतं, म्हणजे साडेतीन-चार डायऑप्टर. वाचायचा चष्मा इथे कमीच पडणार, त्यात चष्म्याचा दोष नाही. थुंकी लावून दोरा चोखत बसण्यापेक्षा:

दोरा कात्रीने तिरका कापा, दाताने तोडू नका, पीळ सुटतो. सुईच्या मागे पांढरा कागद धरा, पांढरा दोरा असेल तर काळं कापड. दोरा सुईत घालण्यापेक्षा दोरा चिमटीत अगदी टोकाशी पकडून सुई त्याच्यावर आणा. आणि सुईच्या नेढ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात: यंत्रात छिद्र पाडताना एक बाजू गुळगुळीत राहते, दुसरी किंचित खरबरीत. एका बाजूने जात नसेल तर सुई अर्धी फिरवा. तरीही नाही जमलं तर बटणं-बक्कलवाल्याकडे पत्र्याच्या तुकड्याला बारीक तार लावलेलं सुई ओवायचं साधन मिळतं, तार आत घाला, दोरा तारेच्या लूपमध्ये घाला, ओढा.

तांदूळ निवडणाऱ्यांना: पांढऱ्या स्टीलच्या ताटात खडा लपतो. निळ्या किंवा काळपट ताटात लगेच दिसतो.

डोळसभाबडा
इतका चष्म्याचा सोस कशाला? रोज त्राटक, गाजराचा रस, तळपायाला तूप आणि सकाळी दवात अनवाणी चालणं. नंबर उतरतो.

बुबुळ
डोळ्याच्या डॉक्टरांच्या बाजूने उत्तर देते, म्हणजे धागा भरकटायला नको.

चाळशी स्नायू दमल्यामुळे लागत नाही. डोळ्यातलं भिंग जन्मभर थर चढवत वाढतं आणि वाढताना कडक होत जातं. भिंगाला ओढणारा-सैल सोडणारा स्नायू पन्नाशीतही बऱ्यापैकी काम करत असतो, पण समोरचं भिंगच वाकत नाही. शिळ्या भाकरीची घडी घालण्यासाठी बोटांचा व्यायाम करून उपयोग नाही. गाजर खावं, चांगलं असतं, ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर डोळ्यांना लागतंच. भिंग मऊ करायची ताकद त्यात नाही. तूप तळपायाला लावून घरात फरशीवर चालू नये, एवढीच सूचना.

आता ‘नंबर उतरला’ हे कधी खरं असतं ते सांगते, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. साठी-पासष्टीत आजोबांची चाळशी अचानक सुटते, पेपर बिनचष्म्याचा वाचतात, घरात पेढे वाटतात. बहुतेक वेळा हा मोतीबिंदू असतो. भिंगाचा गाभा दाट झाला की डोळ्यात उणे नंबर तयार होतो, म्हणून जवळचं दिसायला लागतं. त्याच वेळी लांबचं बिघडलेलं असतं: बसची पाटी, समोरून येणारा ओळखीचा माणूस, रात्री दिव्याभोवती वलय. पेढे वाटा, पण तपासूनही घ्या.

दुसरं कारण साखर. रक्तातली साखर वर-खाली झाली की भिंगातलं पाणी बदलतं आणि नंबर आठवड्याभरातही हलतो. मधुमेह नुकताच सापडला असेल, औषध नुकतंच सुरू झालं असेल, तर चष्मा लगेच करू नका. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा. नाहीतर नवा चष्मा महिन्याभरात परका होतो आणि शिव्या दुकानदार खातो.

गोलभिंग
शेवटच्या वाक्याबद्दल सर्व दुकानदारांतर्फे आभार.

कोपऱ्यातलेटेबल
मेडिकलमध्ये टांगलेले तयार चष्मे, त्यांचं काय? नंबरची चिकटी लावलेली असते, आरशात बघायचं, घालायचं, निघायचं.

गोलभिंग
चालतात, अटी आहेत. तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो, सिलिंडर (डोळ्याच्या असमान गोलाईसाठीचा नंबर) नसतो आणि काचांच्या केंद्रांमधलं अंतर एकच ठरावीक, बहुधा ६२-६४ मिमी. ज्याचे दोन्ही डोळे सारखे, लांबचं बिनचष्म्याचं स्वच्छ, बाहुल्यांमधलं अंतर त्याच्या आसपास, त्याने खुशाल वापरावा. एक उशाशी, एक देवघरात, एक गाडीत.

अंतर जुळलं नाही तर काय होतं? +२.०० ची काच बाहुलीपासून ५ मिमी सरकली तर एक प्रिझमचा (किरण किती बाजूला वळतात याचं माप) खेच पडतो. दोन्ही डोळ्यांचं मिळून दोन. दहा मिनिटं काही कळत नाही, तासाभराने कपाळ जड, मग ‘हल्ली वाचलं की झोप येते’. ती झोप वयाची नसून चष्म्याची असू शकते.

उणे नंबरवाल्यांनी मात्र हे तयार चष्मे उघड्या डोळ्यांवर लावू नयेत. -३.०० वाल्याला चष्मा काढला की ३३ सेंमीवर आपोआप स्पष्ट दिसतं, ही त्याला आयुष्यभर सोसलेल्या चष्म्याची भरपाई आहे. त्याने वरून +१.५० चढवला तर पुस्तक २२ सेंमीवर, म्हणजे नाकावर.

चिठ्ठी वाचायलाही शिका. लांबचा +०.५० आणि ॲड +१.५० लिहिलं असेल तर वाचायच्या चष्म्याची काच +२.०० ची. ॲड म्हणजे वरची भर, पूर्ण नंबर नव्हे. घाईत काही ठिकाणी नुसती ॲडची काच बसवून देतात. चष्मा घेताना तयार काचेचा नंबर मशीनवर समोर मोजून दाखवायला सांगा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रात्रपाळी
आणि प्रोग्रेसिव्ह? ऑफिसात निम्मे लोक शपथ घेतात, निम्मे ड्रॉवरमध्ये टाकतात.

गोलभिंग
ड्रॉवरमध्ये गेलेल्यांतले बरेचसे मापात चुकलेले असतात. जरा सविस्तर लिहितो.

दुभिंगी म्हणजे खाली डी आकाराची खिडकी असलेली काच, वर लांबचं, खाली जवळचं, मधलं अंतर नाहीच. प्रोग्रेसिव्हमध्ये वरून खाली नंबर हळूहळू वाढत जातो. पहिली यशस्वी प्रोग्रेसिव्ह काच १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आली, तेव्हापासून गणित खूप सुधारलं, पण एक गोष्ट सुटलेली नाही: मधली वाट स्वच्छ ठेवायची तर दोन्ही कडांना विकृती येणारच. कितीही महाग घ्या, कडा असतातच, महाग काचेत त्या जरा बाजूला आणि सौम्य असतात. ॲड जितकी जास्त तितकी वाट अरुंद. म्हणून +१.०० ला सुरू करणारा आठवड्यात रुळतो आणि थेट +२.५० ला सुरू करणारा कुरकुरतो.

माप असं घेतलं जायला हवं. आधी फ्रेम निवडायची, अगदी चिमुकली नको, काचेची उंची निदान २८-३० मिमी. मग फ्रेम तुमच्या नाकाकानावर पूर्ण बसवायची, कानामागच्या दांड्या गरम करून वळवायच्या, नोजपॅड दाबायचे. हे झाल्यावरच माप. दुकानदाराने तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर समोर बसायचं, फ्रेममधल्या डेमो काचेवर पेनाने प्रत्येक बाहुलीवर खूण करायची. दोन डोळ्यांची मापं वेगळी लिहायची, ३१ आणि ३२.५ असं निघतं, ‘६३ चे दोन भाग’ करायचे नाहीत. उंची खालच्या कडेपासून बाहुलीपर्यंत, नेहमीच्या काचेला साधारण १८ मिमी तरी हवी. नुसत्या मोजपट्टीने नाकावर धरून ‘त्रेसष्ट’ म्हणणाऱ्याकडे प्रोग्रेसिव्ह करू नका.

तयार झाल्यावर काच उजेडात तिरकी धरा. नाकाकडे आणि कानाकडे दोन अतिबारीक कोरलेल्या खुणा दिसतील, त्यांच्यात ३४ मिमी अंतर असतं. कानाकडच्या खुणेखाली ॲड कोरलेली असते, उदाहरणार्थ २० म्हणजे +२.००. (हे कोरीव काम वाचायलाही चाळशी लागते, ही या धंद्यातली जुनी थट्टा आहे.)

नंतरच्या तक्रारी आणि त्यांची कारणं. वाचताना हनुवटी फार वर करावी लागते: काच खाली बसली आहे, किंवा फ्रेम घसरली आहे. २-३ मिमी घसरण पुरते, आधी नोजपॅड बघा. समोर चालताना जमीन तरंगते: काच वर बसली आहे. वाचताना ओळीचा एकच भाग स्पष्ट, मान डावी-उजवीकडे फिरवावी लागते: बाहुलीचं माप चुकलं. एक डोळा झाकून दुसऱ्याने वाचा, मग दुसरा झाकून, दोन्हीकडे स्पष्ट भाग नाकापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर हवा. पंधरा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत घालूनही हेच असेल तर परत न्या. मधूनमधून जुना घातला तर डोळा कधीच रुळत नाही.

कोपऱ्यातलेटेबल
प्रोग्रेसिव्हवाल्यांच्या घरातल्या काही जागा त्यांनी आधीच ओळखून ठेवाव्यात. जिना उतरताना पायरी खालच्या भागातून बघितली तर धूसर आणि जवळ आल्यासारखी दिसते, म्हणून हनुवटी छातीकडे आणून वरच्या भागातून बघायचं. दुचाकीवर आरशात बघताना नुसती बुबुळं नाही, मान फिरवायची. पलंगावर उशीला टेकून टीव्ही बघाल तर नजर खालच्या भागातून जाते आणि मालिकेतली सासू कोण, सून कोण कळत नाही. तिथे साधा लांबचा चष्मा.

आणि स्वयंपाकघरात डोळ्याच्या वर टांगलेली दिनदर्शिका. एकादशी बघायला मान मागे टाकावी लागते, कोंबडी पाणी पिते तशी. दिनदर्शिका छातीच्या उंचीवर आणा, मान वाचेल. दिवसभर स्क्रीन असेल तर प्रोग्रेसिव्हनेही हेच होतं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीखाली घ्या, किंवा खास मध्यम-जवळच्या अंतराची ऑफिस काच करा. ती घालून गाडी मात्र चालवायची नाही.

रात्रपाळी
निळ्या प्रकाशाचं कोटिंग घेऊ का? दुकानात आग्रह असतो.

बुबुळ
डोळ्यांचा ताण कमी होण्यासाठी घेऊ नका. २०२३ मधल्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) साध्या काचेपेक्षा निळा गाळणाऱ्या काचेने स्क्रीनचा ताण थोड्या मुदतीत तरी कमी होतो असं दिसलं नाही. ताणाचं कारण बहुधा चुकीचा नंबर आणि न मिटलेल्या पापण्या. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघा, आणि पापण्यांची उघडझाप करत राहा.

थेंबांबद्दलही कोणीतरी विचारेलच. पायलोकार्पिनचे थेंब बाहुली लहान करतात, काही तास जवळचं बरं दिसतं. अमेरिकेत २०२१ मध्ये या कामासाठी मान्यता मिळाली. भारतात २०२४ मध्ये असे थेंब मंजूर झाले, मग जाहिरातीतल्या दाव्यांवरून ती परवानगी काही दिवसांतच स्थगित झाली. डोकं दुखतं, अंधारात कमी दिसतं, आणि डोळ्याचा आतला पडदा कमकुवत असलेल्यांना धोका असतो. डॉक्टरशिवाय नाही.

चाळिशीनंतर नुसता नंबर काढून येऊ नका, डोळ्याचा दाबही मोजून घ्या. काचबिंदू बराच काळ दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर चोरत राहतो. घरात कोणाला असेल तर जास्त जपा. मधुमेह असेल तर पडदा दरवर्षी.

पाऊणदृष्टी
बाहुली लहान केली की दिसतं, हे तर कागदाला भोक पाडूनही होईल ना?

बुबुळ
होतं. चष्मा घरी राहिला आणि गोळ्यांची तारीख बघायचीच आहे, तर एखादं जुनं व्हिजिटिंग कार्ड घ्या, सेफ्टी पिनने एक छोटं भोक पाडा, साधारण १ मिमी. कार्ड डोळ्याला जवळजवळ टेकवा, दुसरा डोळा मिटा, पाकीट भरपूर उजेडात धरा. अक्षरं फिकट पण रेखीव दिसतील. कार्ड नसेल तर मूठ इतकी आवळायची की करंगळीकडून टाचणीएवढा उजेड येईल, आणि तिच्यातून बघायचं. औषधाच्या दुकानात लोक वळून बघतात, पण तारीख कळते.

मोबाइल असेल तर फोटो काढून मोठा करा. पाकीट किंचित तिरकं धरा, म्हणजे चंदेरीवरची चमक निघून जाते.

टाकाटिपका
उजेडाची भर घालते. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने एक तृतीयांशच उजेड पोचतो, बाहुली लहान आणि भिंग पिवळट. म्हणजे ‘बल्ब मंद झालाय’ ही तक्रार अगदीच खोटी नसते. पण छताचा बल्ब मोठा करण्यापेक्षा टेबलचा दिवा जवळ घ्या. एक मीटरवरचा दिवा अर्ध्या मीटरवर आणला की कागदावर चौपट उजेड पडतो आणि वीजबिल तेवढंच. उजव्या हाताने लिहिणाऱ्या-शिवणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवायचा, नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावर.

कोपऱ्यातलेटेबल
काच पुसण्याबद्दल कोणी बोललं नाही. पदर, बनियन, टेबलाचं फडकं, तिन्ही बाद. कोरडी धूळ कापडाखाली घासते आणि कोटिंगवर रेघा उठतात. नळाखाली धरा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवा, धुवा, मऊ कापडाने टिपा. गरम पाणी नको. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको, काच आणि कोटिंग कमी-जास्त फुगतात आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात. त्या पुसून जात नाहीत, काच बदलावी लागते.

गोलभिंग
आणि दांडीचा स्क्रू. रोज डोक्यावर सरकवून ठेवला की दांड्या पसरतात, स्क्रू ढिला होतो, आणि मग आपण वाकलो की चष्मा नाकावरून थेट वरणात. स्क्रू पूर्ण आवळा, स्क्रूच्या डोक्यावर रंगहीन नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, दहा मिनिटं वाळू द्या. कंपनाने सुटत नाही, आणि हवा तेव्हा पेचकसने उघडतोही.

श्रावणसोमवार
पण हे करायला डोळ्यावर चष्मा लागतो, आणि तोच तर हातात असतो.

गोलभिंग
म्हणून वर म्हटलं, मेडिकलमधला एक तयार चष्मा घरात असू द्या. डोक्यावर आहे का ते आधी चाचपून बघा.